कै. बाळू पालवणकर

क्रिकेटचा खेळ मैदानावर जितका खेळला जातो त्याहून कितीतरी अधिक तो तोंडाने खेळला जातो, हे आपणांस ठाऊकच आहे. मधल्या सुट्टीत, डहाणूस जाणाऱ्या गाडीत, किंवा पावसाने मैदान चिखलमय झाले असता वर्गाच्या ओसरीवर, मुलांस अत्यंत प्रिय असा एक उद्योग म्हणजे देशाच्या आजवरच्या सर्व खेळाडूंतून अकरा जणांचा एक सर्वश्रेष्ठ संघ निवडणे. पालकवर्गही ह्यात मागे नसतो. मुलांच्या यादीत कोहली व बुमरा असतात, वडिलांच्या यादीत गावसकर व कपिल देव येतात, आणि घरात एखादे वृद्ध आजोबा असल्यास ते विनू मंकड व विजय हजारे ह्यांच्यासाठी हट्ट धरतात. वादविवादात जेवण थंड होते, तरी अकरावा गडी काही ठरत नाही.

ह्या सर्व याद्यांत एक नाव मात्र क्वचितच आढळते. कारण उघड आहे. याद्या करणारे लोक कसोटी सामन्यांचे आकडे पाहतात, आणि आपल्या देशाचा पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर सुरू झाला. त्या दिवशी आमच्या चरित्रनायकाचे वय छप्पन वर्षांचे होते. परंतु देशाचा म्हणून निवडलेला पहिला संघ त्याच्याही एकवीस वर्षे आधी, १९११ साली, विलायतेस गेला होता, आणि त्या संघाचा सर्वांत यशस्वी गोलंदाज कोण, ह्याविषयी त्या काळीही मतभेद नव्हता आणि आजही असण्याचे कारण नाही. तो गोलंदाज म्हणजे बाळू पालवणकर. त्यांच्या आयुष्याची हकीकत ही बहुतांशी निवडीचीच हकीकत आहे. कोणास घ्यावे, कोणास वगळावे, आणि घेतलेल्यास कोठवर येऊ द्यावे, हे प्रश्न त्यांच्यापुढे जन्मभर उभे राहिले, आणि त्यांची उत्तरे देणारे नेहमी दुसरेच कोणी होते.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, आणि त्यावरूनच पालवणकर हे आडनाव. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे अस्पृश्य. वडील पलटणीत नोकरीस असल्यामुळे मुलांचे बाळपण पुण्यास लष्करी वातावरणात गेले. गोरे अधिकारी खेळून टाकून देत ते जुने चेंडू आणि मोडक्या बॅटी ह्यांवरच ह्या घरातील भावंडे क्रिकेट शिकली. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघेही बंधू पुढे नावाजलेले खेळाडू झाले. एका घरात चार, आणि तेही अशा घरात की ज्यास कोणताही जिमखाना आपली पायरी चढू देत नव्हता.

पहिली नोकरी पुण्यातील पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात मिळाली. काम मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे, आणि पगार महिना ३ रुपये. आपल्या डहाणूच्या चिकूवाड्यांमुळे पारशी व इराणी मंडळी आपल्या परिचयाची आहेत. ह्या देशात हा खेळ प्रथम अंगीकारणारे लोक पारशीच होते. मुंबईत त्यांनी १८४८ साली आपला पहिला क्लब काढला, आणि १८८६ साली तर त्यांचा एक संघ स्वखर्चाने विलायतेस जाऊन आला. असो. १८९२ साली बाळू साहेब लोकांच्या पूना क्लबात लागले. तेथे पगार ४ रुपये झाला आणि काम वाढले. खेळपट्टी आखणे, सरावाची जाळी बांधणे, क्वचित टेनिसची मैदाने सिद्ध करणे. ट्रॉस नावाच्या एका साहेबाने ह्या पोऱ्यास एके दिवशी सहज चेंडू टाकावयास सांगितले, आणि तेव्हापासून बाळूंचा दिवस जाळीतच मावळू लागला.

ह्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे एक गोरे अधिकारी होते. हे पुढे सैन्य सोडल्यावर रोमन कॅथॉलिक धर्मगुरू झाले, हे आमच्या वाचकांस कौतुकाचे वाटेल. त्यांच्याइतका फलंदाज तेव्हा हिंदुस्थानात वास्तव्य करणाऱ्या गोऱ्यांत नव्हता. इतर सभासद येण्यापूर्वी ते मैदानावर हजर होत आणि बाळूंकडून तासन् तास चेंडू टाकवून घेत. आपणांस बाद केल्यास दर वेळी ते आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. आठवड्यातून एकदा जरी बाळूंनी ते मिळवले असले तरी महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम त्यांस जास्त पडली असेल, हा हिशेब वर्गातील मुलांनी करून पाहण्यासारखा आहे. डाव्या हाताचा संथ चेंडू, त्यास दोन्ही दिशांनी दिलेले वळण, गतीतील सूक्ष्म फेरफार आणि न थकता दिवसभर एकाच जागी टप्पा टाकण्याची ताकद, हे सारे त्या जाळीत घडले. शेकडो तास त्यांनी साहेबांना चेंडू टाकले. बॅट मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती एकदाही आली नाही. फलंदाजी हा मालकांचा मान होता आणि चेंडू टाकणे हे चाकराचे काम होते.

पुण्यातील हिंदू क्लबास साहेबांच्या क्लबाशी सामने खेळावयाचे होते, आणि जिंकावयाचेही होते. ग्रेगसाहेबांस रोज चकवणारा गोलंदाज आपल्याच शहरात आहे हे सर्वांस दिसत होते. तरीही त्यास संघात घ्यावे की नाही ह्यावर क्लबात दोन तट पडले. तेलुगू सभासद घ्यावा म्हणत होते, आणि काही महाराष्ट्रीय ब्राह्मण सभासद नको म्हणत होते. असा गडी गमावणे हिंदूंच्या दृष्टीने मूर्खपणाचे होईल, असे मत खुद्द ग्रेगसाहेबांनीच जाहीर केल्यावर तडजोड निघाली. तडजोडीचे स्वरूप ऐकण्यासारखे आहे. मैदानावर सर्व गड्यांनी बाळूंनी हाताळलेला चेंडू हाताळावयाचा. मैदानाबाहेर मात्र चहाच्या वेळी बाळूंनी मंडपाबाहेर उभे राहावयाचे, आणि त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या बोळक्यातून यावयाचा. इतरांस चिनी मातीचे पेले. हातपाय धुण्याचे पाणी त्यांच्याच दर्जाच्या नोकराने आणून द्यावयाचे, आणि जेवण वेगळ्या टेबलावर. चेंडूला विटाळ नाही आणि पेल्याला आहे, हे तर्कशास्त्र कोणत्या ग्रंथातून काढले होते ते त्या मंडळींसच ठाऊक.

पुण्याचा हिंदू संघ जिंकू लागला. साताऱ्याच्या गोऱ्यांविरुद्ध सामना ठरला तेव्हा त्या क्लबाने बाळूंच्या फिरकीस वाव राहू नये म्हणून आठवडाभर खेळपट्टी गवत खरडून व रूळ फिरवून गुळगुळीत करून घेतली होती, असे सांगतात. बाळूंनी त्या खेळपट्टीवरही सात गडी बाद केले. रूळ फिरवण्यात ज्याचे बाळपण गेले त्यास गुळगुळीत खेळपट्टी काय शिकवणार? ह्या विजयांनंतर पुण्यात त्यांचा जाहीर सत्कार झाला आणि न्यायमूर्ती रानडे ह्यांच्यासारख्या थोर पुरुषाने त्यांचा गौरव केला. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर जेवावयास काय हरकत आहे, हा प्रश्न तेव्हाच सुधारकांच्या तोंडी आला.

१८९६ साली पुण्यामुंबईकडे प्लेगची भयंकर साथ आली. त्या धामधुमीच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. तेथे काही काळ पलटणीत आणि पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. आपल्या डहाणू स्टेशनावरून जाणारी रेल्वे तीच. तिचे नाव आता पश्चिम रेल्वे झाले आहे. रेल्वेच्या संघातून आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघातून ते खेळू लागले. येथेही आरंभी कुरबूर झाली, परंतु मुंबईचे वारे पुण्याहून जरा मोकळे होते. बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम ह्यांस जिमखान्यात इतर सभासदांबरोबर बसून खाण्यापिण्याची मोकळीक मिळाली. ह्याच सुमारास, फेब्रुवारी १९०६ मध्ये, मुंबईस हिंदू आणि युरोपियन ह्यांचा तो प्रसिद्ध सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ आणि १०२ झाल्या. म्हणजे राज्यकर्त्यांवर १०९ धावांनी विजय. ह्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता. एका सुधारक पत्राने ह्या विजयाचे श्रेय जातिबंधन सैल करण्याच्या धैर्यास दिले, आणि आमच्या मते ते योग्यच होते.

आता १९११ सालच्या निवडीकडे येऊ. विलायतेस जावयाचा हा पहिला अखिल हिंदी संघ निवडताना गुणांबरोबर समाजाचेही माप लावले गेले. सहा पारशी, पाच हिंदू, उरलेले मुसलमान, आणि कर्णधार पतियाळाचे शीख महाराज भूपिंदरसिंग. त्या काळी सारे मोठे क्रिकेट असे धर्मवार विभागलेले होते, आणि ते १९४६ पर्यंत तसेच चालले. आम्हां ख्रिस्ती लोकांस तर पुढे पंचरंगी सामन्यांत इतर ह्या नावाच्या संघात जागा मिळे. सांगलीचे ख्रिस्ती खेळाडू विजय हजारे ह्यांनी १९४३ साली ह्याच इतरांकडून ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. मूळ मुद्दा असा, की १९११ च्या त्या पाच हिंदूंत दोघे पालवणकर बंधू होते, बाळू आणि शिवराम. देशाच्या पहिल्या संघात, ज्यांस विहिरीवर पाणी भरू देत नसत अशा एका घरातील दोन भाऊ असावेत, ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत यावयास हवी होती.

दौरा एकंदरीत अपयशी ठरला. महाराज पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्यारोहणाच्या समारंभांत गुंतले आणि मोजकेच सामने खेळले. केकी मिस्त्री हे उत्तम पारशी फलंदाज त्यांच्या पदरी असल्यामुळे तेही बहुतेक सामन्यांस मुकले. एकूण २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले आणि २ अनिर्णित राहिले. थंडी, ओल, परके अन्न आणि दर दोनतीन दिवसांनी नवे गाव. अशा स्थितीत छत्तिशीत आलेल्या बाळूंनी ११४ गडी बाद केले, आणि प्रत्येक गड्यामागे १९ हून कमी धावा दिल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. लीस्टरशायर आणि सॉमरसेट ह्या कौंटी संघांवर जे विजय मिळाले, तेवढाच त्या उन्हाळ्यातील आनंद. इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्स ह्या थोर डावखुऱ्या गोलंदाजाशी लोक त्यांची तुलना करीत.

परत आल्यावर मुंबईच्या दलित बांधवांनी त्यांचा सत्कार केला. बाळू त्यांचे पहिले जगप्रसिद्ध पुरुष होते. त्यांस मान देणाऱ्या तरुणांत भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थीही होता.

आतापर्यंतच्या हकीकतीवरून कोणास वाटेल की पुढील मार्ग सोपा झाला असेल. तसे झाले नाही. १९१२ पासून मुंबईस हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चौरंगी सामने सुरू झाले. हिंदू संघात बाळूंहून अनुभवी व यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता, आणि दर वर्षी कर्णधारपदासाठी त्यांचे नाव निघे. दर वर्षी ते मागे पडे. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले. हे गृहस्थ स्वतः ब्राह्मण, परंतु मन मोठे. हा मान वास्तविक आपल्या ज्येष्ठ मित्राचा, बाळूंचा होता, असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले. संघनिवड करणाऱ्या मंडळींनी ते ऐकले आणि पुढील वर्षांतही आपलेच खरे केले. बाळूंचा हात त्यांस हवा होता. परंतु कर्णधार म्हटला की इतर दहा जणांनी त्याचा शब्द मानावयाचा, आणि ते त्यांच्या पचनी पडत नव्हते.

१९२० साली गोष्ट निकरावर आली. बाळूंस संघातूनच वगळण्यात आले. पै आजारी असल्यामुळे पहिल्या सामन्यास नवा कर्णधार नेमणे प्राप्त होते. तेव्हा विठ्ठल पालवणकर हे हिंदूंचे सर्वोत्तम फलंदाज म्हणून गाजत होते, परंतु नेमणूक झाली पुण्याच्या दि. ब. देवधर ह्यांची. देवधर हे पुढे फार मोठे खेळाडू झाले आणि त्यांच्या गुणांविषयी प्रश्नच नाही. पण ज्येष्ठता पाहावी तर पालवणकर, आणि कामगिरी पाहावी तरी पालवणकर. शिवराम व विठ्ठल ह्या दोघा बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीच्या कारणावरून आपणांस डावलले जाते, असे वर्तमानपत्रांतून निर्भयपणे मांडले. वृत्तपत्रांतून आणि सभांतून एकच गलबला उडाला. हे गांधीजींच्या असहकाराचे वर्ष होते, हे विसरून चालणार नाही. अन्याय्य गोष्टीस सहकार न देणे म्हणजे काय, हे ह्या दोन भावांनी मैदानावर दाखवले. अखेर अंतिम सामन्यापूर्वी समेट झाला. पै कर्णधार, बाळू उपकर्णधार, आणि दोघे बंधू संघात परत. पारशांविरुद्धच्या त्या सामन्यात पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, ते अशासाठी की संघाची सूत्रे बाळूंच्या हाती यावीत. चव्वेचाळीस वर्षांचा तो गोलंदाज तेवढा वेळ हिंदूंचा कर्णधार होता. ह्यानंतर ते मोठ्या सामन्यांत खेळले नाहीत.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी त्यांच्या संघाने युरोपियनांस हरवले आणि लोकांनी त्यांस खांद्यावर घेऊन मिरवले. तुलनेसाठी सांगावयाचे तर वेस्ट इंडिज बेटांत जॉर्ज हेडलीसारख्या अद्वितीय कृष्णवर्णी फलंदाजास १९४८ साली अवघ्या एका कसोटीपुरते कर्णधार केले होते, आणि फ्रँक वॉरेल ह्यांस संपूर्ण मालिकेचे नेतृत्व मिळावयास १९६० साल उजाडावे लागले.

बाळूंच्या उत्तर आयुष्यात राजकारण आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ असावेत की नसावेत ह्या प्रश्नावर ते गांधीजींच्या बाजूस होते आणि डॉ. आंबेडकर विरुद्ध बाजूस. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंस मुंबईत प्रत्यक्ष डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्या तरुणाने एके काळी बाळूंस आपला वीर मानले, त्याच्याशीच ही झुंज. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली आणि बाळूंस ११,२२५. काँग्रेसने हा सामना लावावयास नको होता असे आमचे मत आहे. एका थोर माणसाने दुसऱ्यास हरवलेले पाहण्यात कोणास काय सुख? तरी हरूनही अकरा हजार मतदार ज्याच्या पाठीशी राहिले त्याची लोकप्रियता किती असेल ते पाहा.

राहिला प्रश्न सर्वश्रेष्ठ संघाचा. बाळूंच्या नावावर पहिल्या दर्जाचे ३३ सामने आणि १७९ गडी आहेत, दर गड्यामागे १५ धावा. सामने थोडे, कारण तेव्हा होतच थोडे, आणि उमेदीचा काळ जाळी बांधण्यात गेला. बिशनसिंग बेदी ह्यांनी ६७ कसोटींत २६६ गडी बाद केले, ते आकडे मोठे आहेत. मंकड ह्यांनी १९५२ साली लॉर्ड्सवर एकाच कसोटीत ७२ व १८४ धावा काढून पाच गडीही बाद केले. डावखुऱ्या संथ गोलंदाजांची अशी परंपरा ज्या देशात आहे तेथे पहिल्याचे स्थान कोठे, हे प्रत्येकाने आपल्या यादीपुरते ठरवावे. प्रस्तुत लेखकाच्या यादीत मंकड आणि बाळू दोघेही आहेत, बेदी बारावे आहेत, आणि कर्णधाराच्या नावापुढे बाळू पालवणकर असे लिहिले आहे. वर्गातील मुलांस ही निवड मान्य नाही.

बाळूंचे निधन जुलै १९५५ मध्ये मुंबईस झाले. त्यापूर्वी तीन वर्षे आधी, १९५२ साली मद्रास येथे, देशाने आपला पहिला कसोटी विजय मिळवलेला त्यांच्या हयातीत झाला होता. कर्णधार विजय हजारे होते, आणि त्या सामन्यात बारा गडी बाद करणारे मंकड हे डाव्या हाताने संथ चेंडू टाकणारे होते. विठ्ठल पालवणकर ह्यांनी आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले असून ते १९४८ साली 'माझे क्रीडाजीवन' ह्या नावाने प्रसिद्ध झाले. जुन्या ग्रंथालयांत शोधल्यास ते मिळण्याचा संभव आहे, आणि थोरल्या भावाची हकीकत धाकट्याच्या तोंडून वाचू इच्छिणाऱ्याने ते जरूर शोधावे.